विश्लेषण : ऊस बिल लांबले की घरात आधी काय थांबते? आर्थिक घसरण आणि आरोग्याचे नाते काय?

दुष्काळ, घसरलेले भाव, लांबलेली बिले, लवकर आटोपलेला गाळप हंगाम. आर्थिक घसरणीची बातमी नेहमी रुपयांत आणि टनांत मोजली जाते. तिचा दुसरा हिशेब मात्र केसपेपरवर लिहिला जातो, आणि तो बराच उशिरा कळतो. साखरपट्ट्यातील अकलूज आणि परिसराच्या निमित्ताने पाहू या, की पैसा आटला की प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो, जगभरातील अभ्यास काय सांगतात आणि नुकसान टाळता येते का.

अकलूज परिसरावर आर्थिक ताण कशामुळे?

नीरा नदीकाठचे अकलूज ही माळशिरस तालुक्याची मोठी बाजारपेठ. नीरा उजवा कालव्याचे पाणी आणि ऊस या दोन गोष्टींवर इथले अर्थकारण चालते. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील कारखान्यासह परिसरातील कारखान्यांकडून बिल जमा झाले, की विकास सोसायटीची वसुली, किराणा दुकानाची उधारी, मुलांची फी, लग्नाची खरेदी सगळे हलते. बिल थांबले, की हे सगळे थांबते. शेती नसलेला गॅरेजवाला, कापड दुकानातील कामगार आणि वडापचा चालकही याच साखळीत बांधलेला आहे.

ही साखळी अलीकडे लागोपाठ ताणली गेली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत माळशिरस होता. त्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. पाण्याअभावी लागवड घटली आणि त्याचा फटका पुढच्या हंगामाला बसला. २०२४-२५ मध्ये राज्याचे साखर उत्पादन आदल्या हंगामातील सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास उतरले. सोलापूर विभागातील अनेक कारखान्यांची धुराडी फेब्रुवारीतच थंडावली. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने याच जिल्ह्यातील माढा, मोहोळ भागातील उभी पिके पाण्यात घातली. म्हणजे दोन वर्षांच्या आत जिल्ह्याने टँकरही पाहिले आणि पूरही.

याला किमतीच्या गणिताची जोड आहे. उसाची एफआरपी २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होती, ती २०२५-२६ साठी ३५५ रुपये झाली. साखरेचा किमान विक्रीदर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे अनेक वर्षे तिथेच राहिला. कारखान्याची ओढाताण झाली, की तिचा शेवट शेतकऱ्याच्या बिलावर होतो.

पैसा आटला की प्रकृतीवर परिणाम कोणत्या मार्गांनी?

पहिला मार्ग ताटातून जातो. घरखर्चाला कात्री लागते तेव्हा भाकरी कमी होत नाही. डाळ पातळ होते, अंडी आणि फळे बंद होतात, घरचे दूध सगळेच डेअरीला जाते. पोट भरते, पण पोषण घटते. महाराष्ट्रात मुळातच १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. राखीव साठाच नसलेल्या शरीराला थोडी कपातही जड जाते.

दुसरा मार्ग औषधांचा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या तर लगेच काही दुखत नाही. त्यामुळे तंगीत सर्वांत आधी त्याच थांबतात, किंवा रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. परिणाम दिसतो तो काही महिन्यांनी, अर्धांगवायू, हृदयविकाराचा झटका किंवा निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाच्या रूपाने. हजार-पाचशे रुपये वाचवल्याचे बिल तेव्हा लाखांत येते.

तिसरा मार्ग पुढे ढकललेल्या उपचारांचा आहे. हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशयाच्या तक्रारी, छातीत अधूनमधून येणारी कळ या सगळ्यांना ‘बिल आल्यावर बघू’ हे एकच उत्तर मिळते. चौथा मार्ग मनातून जातो. कर्जाची चिंता झोप घालवते, झोप गेली की रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडतात, आणि काही घरांत दारूचे प्रमाण वाढते. पाचवा मार्ग सरकारी तिजोरीचा. ज्या वर्षी लोक खासगीकडून सरकारी दवाखान्याकडे वळतात, नेमके त्याच वर्षी महसूल घटल्याने औषध खरेदी आणि पदभरतीला कात्री लागण्याची शक्यता असते.

मंदीत मृत्यू कमी होतात, हे खरे आहे का?

श्रीमंत देशांपुरते हे काही प्रमाणात खरे आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर रूम यांनी १९७२ ते १९९१ या काळातील अमेरिकी राज्यांची आकडेवारी तपासून २००० मध्ये दाखवले, की बेरोजगारी एक टक्का-बिंदूने वाढली तर एकूण मृत्युदर सुमारे अर्ध्या टक्क्याने घटतो. वाहतूक कमी झाल्याने अपघात घटतात, कारखान्यांचा धूर आणि कामाचा ताण कमी होतो, ही त्यामागची कारणे सांगितली जातात. १९३० च्या दशकातील महामंदीतही अमेरिकेतील सरासरी आयुर्मान घसरले नाही, उलट वाढले, असे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले.

पण याच अभ्यासांत आत्महत्या वाढल्याचेही नोंदले आहे. शिवाय सरासरीचा आकडा फसवा असतो. ज्यांची नोकरी टिकली त्यांचे बरे चालते. ज्यांची गेली त्यांचे काय? पेनसिल्व्हेनिया राज्यात जुन्या, स्थिर नोकऱ्यांतून एकदम कमी केलेल्या कामगारांचा पाठपुरावा करणाऱ्या २००९ च्या अभ्यासात, नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात त्यांच्यातील मृत्युदर ५० ते १०० टक्क्यांनी अधिक आढळला. चाळिशीत नोकरी गेलेल्यांचे आयुष्य एक ते दीड वर्षाने घटण्याचा अंदाज त्यातून निघाला.

देशाची अख्खी व्यवस्था कोसळते तेव्हा तर सरासरीही वाचत नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियात पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मधील सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ मध्ये ५८ वर्षांच्याही खाली आले. मद्यपान, हृदयविकार आणि कोलमडलेले रोजगार यांचा तो एकत्रित परिणाम होता.

भारतासारख्या देशात चित्र वेगळे का?

कारण इथे बेरोजगार भत्ता नाही, बचत थोडी आणि उपचारांचा मोठा भाग खिशातून. अशा देशांत घसरणीचा पहिला घाव तान्ह्या बाळांवर पडतो. ५९ विकसनशील देशांतील सुमारे १७ लाख जन्मांची माहिती तपासणाऱ्या २०११ च्या एका अभ्यासात, दरडोई उत्पन्नात एक टक्का घट झाली की हजार जिवंत जन्मांमागे बालमृत्यू ०.२४ ते ०.४० ने वाढतात, असे दिसले. मुलग्यांपेक्षा मुलींना याची झळ जास्त बसते, हा त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष.

भारतापुरता अभ्यास अर्थतज्ज्ञ सोनिया भालोत्रा यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ग्रामीण भारतात उत्पन्न घसरलेल्या काळात बालमृत्यू वाढतात आणि इथेही मुलींना फटका अधिक. त्यांनी दाखवलेले कारण साखरपट्ट्यातील कुणालाही ओळखीचे वाटेल. तंगीच्या काळात गरीब घरांतील माता मिळेल त्या कामाला जातात. रोजगार बुडवून गर्भवतीची तपासणी, बाळाचे दवाखान्याचे हेलपाटे त्यांना परवडत नाहीत. श्रीमंत देशांत मंदीमुळे हाताला रिकामा वेळ मिळतो. इथे गरिबाचा उरलासुरला वेळही मंदी हिरावून घेते.

सर्वाधिक झळ कुणाला?

शेतकऱ्याच्या बिलावर निदान कायद्याने हक्क आहे. उसाच्या फडात राबणाऱ्या तोडणी मजुरांकडे तेवढेही नाही. बीड आणि परिसरातून, तसेच सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि टनावर काम करून ती फेडायची. हंगाम दोन-तीन महिन्यांतच संपला तर उचल फिटत नाही. उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर जाते. एक खाडा झाला तर दंड कापला जातो, म्हणून आजारपण अंगावर काढले जाते.

या व्यवस्थेचा शरीरावर काय परिणाम होतो, हे २०१९ मध्ये उघड झाले. ऊसतोड महिलांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, फडावर शौचालय नाही, पाणी नाही आणि सुट्टी घेतली तर दंड. तेव्हा दुखणे बरे करण्यापेक्षा अवयवच काढून टाकणे ‘सोयीचे’ ठरवले गेले. खाडा चुकवण्यासाठी शरीराने दिलेली ही किंमत आहे.

घरात राहणाऱ्या बाईचीही गत फार वेगळी नसते. आधी मुले, मग कमावता पुरुष, मग म्हातारी माणसे आणि शेवटी ती, हाच जेवणाचा आणि उपचारांचाही क्रम असतो. तंगीत मुलींचे शिक्षण थांबवून लग्न उरकण्याकडे कल वाढतो. राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न अठरा वर्षांआधी झाल्याचे याच राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. अल्पवयातील बाळंतपण आणि कमी वजनाचे बाळ यांमुळे एका वर्षाची तंगी पुढच्या पिढीच्या शरीरात उतरते.

मानसिक आरोग्याचे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात शेती क्षेत्रातील ११,२९० जणांनी आयुष्य संपवले. त्यांतील ४,२४८ महाराष्ट्रातील होते. याच वर्षी देशातील एकूण आत्महत्यांत रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा वाटा २६.४ टक्के, म्हणजे सर्वाधिक होता. यामागे कधीच एक कारण नसते. कर्ज, आजारपण, व्यसन, घरातील वाद आणि एकटेपणा एकमेकांत गुंतलेले असतात. पण उत्पन्न थांबले की यांतील प्रत्येक गाठ अधिक आवळली जाते.

ही गाठ सोडवता येते, याचा पुरावा युरोपात आहे. डेव्हिड स्टकलर आणि संजय बसू यांच्यासह काही संशोधकांनी २६ युरोपीय देशांची १९७० ते २००७ या काळातील आकडेवारी तपासली. बेरोजगारी एक टक्क्याने वाढली की ६५ वर्षांखालील लोकांमधील आत्महत्या सरासरी ०.७९ टक्क्याने वाढतात, असे त्यांना दिसले. मात्र हे सर्वत्र घडले नाही. १९९० च्या दशकारंभी स्वीडनमध्ये बेरोजगारी एकदम वाढली, तरी आत्महत्यांचे प्रमाण घटतच राहिले. काम गेलेल्या माणसाला घरी बसू न देता लगेच प्रशिक्षण आणि पर्यायी काम देण्यावर तिथल्या सरकारने खर्च केला होता. उलट २००९ नंतर कर्जसंकटात सापडलेल्या ग्रीसने आरोग्यावरील खर्चाला मोठी कात्री लावली. २०११ मध्ये अथेन्समध्ये इंजेक्शनने अमली पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीची साथ पसरली आणि देशात मलेरियाचा स्थानिक संसर्गही पुन्हा दिसला. संकट दोन्हीकडे होते. परिणाम ठरवला तो सरकारच्या निर्णयांनी.

महाराष्ट्राने हे आधी कधी करून दाखवले आहे का?

होय, आणि सोलापूर जिल्हा त्याचा साक्षीदार आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होता. तेव्हा माणसे उपासमारीने आणि पाठोपाठ आलेल्या रोगराईने मेली. १९७२ चा दुष्काळही भीषण होता. पिके गेली, जनावरे गेली. पण माणसांच्या मृत्युदराने तशी उसळी घेतली नाही.

फरक पडला तो कामामुळे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभरात ५० लाखांच्या आसपास मजूर या कामांवर होते. हाती मजुरी आली, रेशनवर मिलो मिळाली, कामावर सुकडी वाटली गेली. सुकडीची चव त्या पिढीच्या आजही लक्षात आहे. या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि पुढे देशाच्या २००५ च्या कायद्याला त्याचाच आधार मिळाला. रोजगार हमी ही आर्थिक योजना म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती राज्याची सर्वांत मोठी आरोग्य योजनाही ठरली.

विमा योजना असताना चिंता कशाला?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्यात आली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत शुल्क घेतले जात नाही. देशात एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातून होणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे.

अडचण दुसरीकडे आहे. विमा योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या, यादीतील उपचारांसाठी असते. तंगीत होणारे नुकसान मात्र बाह्यरुग्ण विभागात घडते. थांबलेली गोळी, न केलेली तपासणी, टाळलेली सोनोग्राफी यांत ते असते. बायपास मोफत होते. बायपासची वेळ येऊ नये म्हणून लागणारी रोजची गोळी अनेकदा विकत घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न दवाखान्याच्या निवडीचा. अकलूज हे आसपासच्या तालुक्यांसाठी उपचारांचे केंद्र बनले आहे, पण त्यात खासगी रुग्णालयांचा भाग मोठा आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात एका वेळी दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये, तर खासगीत २७,३४७ रुपये होता. या दोन आकड्यांतील अंतर सावकार, दागिने किंवा गोठ्यातील म्हैस विकून भरले जाते. इथे चक्र पूर्ण होते. तंगीने आजार वाढतो आणि आजाराने तंगी.

उपाय काय?

पहिला उपाय आरोग्य खात्याच्या बाहेरचा आहे, तो म्हणजे वेळेवर पैसे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत बिल देणे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज देणे बंधनकारक आहे. एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. एकरकमी एफआरपीची चर्चा नेहमी राजकारण आणि आंदोलनाच्या अंगाने होते. घरातील औषधांच्या डब्याच्या अंगानेही ती व्हायला हवी.

दुसरा, दुष्काळ जाहीर झाला की आरोग्याचा आराखडाही सुरू व्हावा. आज जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, परीक्षा शुल्कमाफी, टँकर अशा सवलती लागू होतात. याच यादीत प्राथमिक आरोग्य केंद्रांना रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांचा वाढीव साठा, गर्भवतींच्या घरी जाऊन तपासणी, अंगणवाडीतील बालकांचे अधिक काटेकोर वजनमापन आणि सुट्टीतही शालेय पोषण आहार यांचा समावेश करता येईल. आशा सेविका गावात आहेतच. कुणाच्या गोळ्या थांबल्या, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

तिसरा, मनाचे आरोग्य. शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रातील दुष्काळी तालुके त्या यादीत नव्हते. कालव्याचे पाणी असलेल्या तालुक्यातही कर्ज असते, किंबहुना बागायतदाराचे कर्ज मोठे असते. मदत जिल्ह्याच्या नावावर ठरवण्याऐवजी तालुक्यावरील प्रत्यक्ष ताण पाहून ठरवली पाहिजे. चौथा, तोडणी मजुरांसाठी फडावर फिरता दवाखाना, शौचालय आणि आजारपणाच्या खाड्याला दंड न लावण्याची सक्ती.

या सगळ्याला पैसे लागतात. सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. परिणाम मोजण्याची व्यवस्थाही अपुरी आहे. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्र होते. दुष्काळात किती हेक्टर पीक गेले, हे तलाठ्याच्या पंचनाम्यात येते. किती जणांच्या गोळ्या थांबल्या, याचा पंचनामा होत नाही.

तंगीच्या काळात कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

रक्तदाब, मधुमेह, फिट, थायरॉईड आणि हृदयविकाराची औषधे स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. परवडत नसतील तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वस्त जेनेरिक पर्याय बहुतेकदा असतो. रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी व औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत देण्याची तरतूद आहे.

दाखल होण्याआधी रुग्णालय जन आरोग्य योजनेत आहे का, हे विचारा. योजनेतील रुग्णालयांत मदतीसाठी आरोग्यमित्र नेमलेला असतो. त्याला भेटल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. गर्भवतींनी पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेच्या पाच हजार रुपयांसाठी अंगणवाडी किंवा आशा सेविकेकडे नोंद करावी.

घरातील कुणी गप्प राहू लागले, झोप उडाली, ‘आता काही अर्थ नाही’ असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते. बिल आज ना उद्या जमा होईल, कर्जाचे पुनर्गठनही होईल. थांबलेल्या उपचारांची भरपाई मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये मिळत नाही.